आवेश आणि नियम : बास्केटबॉलच्या इतिहासातील वर्णप्रश्न

खेळ हा विरंगुळ्याचा विषय आहे, इतिहासाचा नव्हे, अशी सुशिक्षित वर्गातही सर्वसाधारण समजूत असते. राज्यक्रांत्या, तह, लढाया आणि ग्रंथ यांनी इतिहास घडतो. चेंडूने तो घडत नाही, असे आपण धरून चालतो. परंतु ज्या समाजात एखाद्या वर्गास सभागृह, विद्यालय, न्यायमंदिर आणि मतपेटी ही सारी दारे बंद असतात, तेथे त्या वर्गाचे मन ज्या लहानशा खिडकीतून बाहेर डोकावते ती खिडकी पुष्कळदा खेळाची असते. त्या खिडकीकडे पाहणारे लोक काय पाहतात आणि काय पाहावयाचे नाकारतात, याची नोंद म्हणजे त्या समाजाच्या बखरीतील एक महत्त्वाचे पान होय. अमेरिकेतील बास्केटबॉलचा इतिहास हे असेच एक पान आहे. प्रस्तुत लेखात ते वाचावयाचे आहे एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने. या खेळात कृष्णवर्णीय अमेरिकनांनी जे प्रावीण्य आणि जी शैली प्रकट केली, ती त्यांच्या रक्ताची देणगी होती, की त्यांच्या बुद्धीची व निश्चयाची कमाई होती? प्रश्न वरवर क्रीडेचा दिसतो. वस्तुतः तो माणसाला माणूस मानण्याचा आहे.

बास्केटबॉल हा शतकानुशतके लोकपरंपरेतून उत्क्रान्त होत आलेला खेळ नव्हे. त्याचा जनक, जन्मस्थळ आणि जन्ममास ही तिन्ही निश्चितपणे सांगता येतात. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यात मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय्. एम्. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शिक्षणसंस्थेत, जेम्स नेस्मिथ नावाचे तीस वर्षांचे शिक्षक होते. जन्माने ते कॅनडाचे. तिकडचा हिवाळा कडक. फुटबॉलचा मोसम संपलेला, बेसबॉलचा अद्याप दूर. मधल्या काळातील ठरावीक कवायतीस विद्यार्थी कंटाळून गेले होते व त्यांचा द्वाडपणा वाढला होता. बंदिस्त जागेत खेळता येईल असा एखादा नवा खेळ शोधून काढा, असे नेस्मिथ यांना त्यांचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी सांगितले.

नेस्मिथ यांनी या कामी योजलेली विचारसरणी मोठी मार्मिक आहे. फुटबॉलमध्ये माणसे एकमेकांवर का आदळतात? एक जण चेंडू घेऊन पळतो आणि त्यास अडविल्यावाचून दुसऱ्यास गत्यंतर नसते म्हणून. तेव्हा चेंडू हातात घेऊन पळण्यासच मनाई केली, तर आडवे पाडण्याचे कारणच उरणार नाही. चेंडू मारण्याचे ठिकाण जमिनीसरशी असेल तर तो जोराने फेकावासा वाटतो. तेच ठिकाण डोक्याच्या वर असून त्याचे तोंड आकाशाकडे असेल, तर जोराचा उपयोग नाही, हलक्या हाताने कमानदार फेक करणे प्राप्त होते. या विचारातून पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला जमिनीपासून १० फूट उंचीवर ठोकण्यात आल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय घालणे हे सर्व वर्ज्य. दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी होते, आणि त्या पहिल्या सामन्यात चेंडू टोपलीत पडला तो फक्त एकदाच.

ही हकीकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, बास्केटबॉल जन्मास आला तोच मुळी आवेशास लगाम घालण्यासाठी. तरुणांच्या अंगातील रग नाहीशी न करता तिला वळण लावावे, हा त्याचा हेतू होता. पुढे याच खेळात ज्यांनी सर्वांत अधिक आवेश ओतला त्यांच्यावर असंस्कृतपणाचा आरोप करण्यात आला. म्हणून आरंभीच हे लक्षात ठेवणे इष्ट की, नियम आणि आवेश ही या खेळात एकमेकांची वैरीणे नाहीत. नियम नसता तर त्या आवेशाला आकार आला नसता.

तथापि चेंडूस स्पर्श कसा करावा हे जरी १३ नियमांनी सांगितले, तरी व्यायामशाळेचे दार कोणास उघडावे हे त्यांत कोठेच सांगितलेले नव्हते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस आदरपूर्वक अर्पण केला होता, हे मराठी वाचकांस स्मरत असेलच. पुण्यातील त्या पुरुषास सातासमुद्रांपलीकडील ही मुक्तता आशेचे निधान वाटली यात नवल नाही. परंतु पुढील वीस-पंचवीस वर्षांतच त्या आशेवर पाणी पडू लागले. दक्षिणेकडील संस्थानांतून गोरे व काळे यांस आगगाडी, शाळा, उपाहारगृह, इस्पितळ ही सर्व वेगळी करणारे कायदे झाले, आणि १८९६ साली 'पृथक् परंतु समान' या तत्त्वाच्या नावाखाली वरिष्ठ न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. ज्या ख्रिस्ती संघटनेच्या छपराखाली हा खेळ जन्मला तिच्याही शाखा वर्णाप्रमाणे निरनिराळ्या असत.

या स्थितीत कृष्णवर्णीय समाजात बास्केटबॉल रुजविण्याचे श्रेय मुख्यतः एडविन बँक्रॉफ्ट हेंडरसन या शिक्षकास दिले जाते. हेंडरसन यांनी १९०४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात शारीरिक शिक्षणाबरोबर हा खेळ शिकून घेतला आणि वॉशिंग्टन येथील कृष्णवर्णीयांच्या शाळांतून त्याचा प्रसार केला. एकदा गोऱ्यांच्या वाय्. एम्. सी. ए. शाखेत ते सामना पाहावयास गेले असता त्यांना बाहेर घालविण्यात आले. त्यांनी त्यावर हातपाय न गाळता स्वतःचे संघ, स्वतःचे सामने आणि स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. शरीर बळकट व्हावे, चारित्र्य घडावे आणि सारख्या नियमांच्या कसोटीस उतरल्यावर आपल्या बांधवांची योग्यता जगास मान्य करावी लागावी, अशी त्यांची श्रद्धा होती. १९३९ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंचा इतिहास ग्रंथरूपाने त्यांनीच प्रथम सिद्ध केला. खेळ शिकविणाऱ्यानेच त्याचा इतिहासही लिहावा, यात मोठी सूचकता आहे. आपली कामगिरी आपणच नोंदली नाही तर दुसरे ती 'रक्ताच्या' खाती जमा करतील, हे त्यांनी ओळखले असावे.

रक्ताचा हा हिशेब किती लवचीक असतो हे पाहावयाचे असल्यास त्याच काळातील एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. १९२० ते १९४० या दरम्यान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शहरांत या खेळात आघाडीवर होते ते ज्यू तरुण. फिलाडेल्फियाचा 'स्फाज' हा नामांकित संघ ज्यूंचा; आणि पुढे १९४६ साली धंदेवाईक खेळाडूंचा जो नवा संघ-समूह निघाला, व ज्याचे रूपांतर आजच्या एन्. बी. ए. मध्ये झाले, त्यातील अगदी पहिला गोल करणारा खेळाडू ऑसी शेक्टमन हाही ज्यूच. तेव्हा पॉल गॅलिको यांच्यासारख्या प्रसिद्ध क्रीडालेखकाने त्याची उपपत्ती अशी लावली की, या खेळास लागणारा कावेबाजपणा, चलाखी आणि हुलकावणी ज्यूंच्या स्वभावातच असते! पुढे ही तरुण मंडळी दाटीच्या वस्त्या सोडून अन्यत्र गेली, त्यांच्यापुढे दुसरे व्यवसाय आले आणि खेळातील त्यांचे प्राबल्य ओसरले. त्याच गल्ल्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे येऊन राहिली आणि मग पंडितांस शोध लागला की, हा खेळ उंच उडीचा व नैसर्गिक चपळाईचा असल्यामुळे कृष्णवर्णीयांच्या रक्तातच आहे. खेळ तोच, टोपलीची उंची तीच, गल्लीही बहुधा तीच. फक्त सिद्धान्त बदलला. वास्तविक कारण इतकेच की, ज्यास फार जागा लागत नाही आणि फार खर्च लागत नाही असा हा शहरातील गरिबांचा खेळ होता. गरिबी एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेली आणि तिच्या मागोमाग चेंडू गेला.

न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९२३ साली रॉबर्ट डग्लस यांनी एक धंदेवाईक संघ उभा केला. डग्लस हे वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटातून आलेले. सरावास जागा मिळेना, तेव्हा 'रेनेसान्स कॅसिनो' या नव्या नृत्यगृहाच्या मालकाशी त्यांनी करार केला : जागा तुमची, संघास नाव तुमच्या गृहाचे. अशा रीतीने जाहिरातीपायी संघाचे नाव पडले 'न्यूयॉर्क रेनेसान्स', आणि लोकांच्या तोंडी झाले 'रेन्स'. रात्री गुळगुळीत लाकडी फरशीवर सामना होई आणि सामना संपताच त्याच फरशीवर वाद्ये वाजून नृत्य सुरू होई. वर्षातील पुष्कळसे दिवस मात्र हा संघ मोटारगाडीतून गावोगाव हिंडे. ज्या गावी हजारो गोरे प्रेक्षक पैसे देऊन त्यांचा खेळ पाहत, त्याच गावी रात्री त्यांना खोली मिळत नसे की ताट मिळत नसे. पुष्कळदा शेकडो मैल दूरच्या मुक्कामी परतावे लागे. अशा स्थितीत १९३२-३३ च्या मोसमात त्यांनी लागोपाठ ८८ सामने जिंकले.

त्यांच्या खेळाची तऱ्हा विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. आज ज्यास लोक कृष्णवर्णीयांची 'स्वाभाविक' शैली म्हणतात, तिचा तेथे मागमूस नव्हता. चेंडू या हातातून त्या हाती इतक्या झटपट व अचूक जाई की तो जमिनीस क्वचितच लागे. पाच जणांचे एकच मन असावे असा तो खेळ होता. व्यक्तीचा दिमाख त्यात थोडा, मेळ फार. १९३९ साली शिकागो येथे धंदेवाईक संघांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तिच्या अंतिम सामन्यात रेन्सनी विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथील गोऱ्यांच्या संघाचा ३४ विरुद्ध २५ गुणांनी पराभव केला. विजयाप्रीत्यर्थ खेळाडूंस जी जाकिटे मिळाली त्यांवर अक्षरे होती 'कृष्णवर्णीय जगज्जेते'. जॉन आयझॅक्स नावाच्या तरुण खेळाडूने वस्तऱ्याचे पाते घेतले आणि 'कृष्णवर्णीय' हा शब्द शांतपणे उसवून काढला. जाकीट खराब होईल म्हणून डग्लस त्यास बोलले; त्यावर त्याने सांगितले की, खराब होत नाही, सुधारते आहे. राहिला तो एकच शब्द : जगज्जेते. मोठमोठ्या व्याख्यानांनी जे साधले नसते ते त्या पात्याने साधले. ज्या स्पर्धेत गोरे संघही उतरले होते व हरले होते, तिच्या विजेत्यास वर्णाचे विशेषण लावण्यातील लबाडी त्याने दोन बोटांनी काढून टाकली.

याच सुमारास दुसरा एक कृष्णवर्णीय संघ कीर्तीस चढत होता. त्याचे नाव 'हार्लेम ग्लोबट्रॉटर्स'. पण तो मूळचा शिकागोचा, आणि त्याचे चालक एब सेपरस्टीन हे गौरवर्णीय. १९४० साली याच जागतिक स्पर्धेत या संघाने विजय मिळविला, आणि १९४८ साली जॉर्ज मायकन यांच्या मिनिआपोलिस लेकर्स या बलाढ्य संघास अगदी शेवटच्या क्षणी ६१ विरुद्ध ५९ असे हरविले. एवढे सामर्थ्य असूनही लोकांस ते आठवतात ते मुख्यतः त्यांच्या विनोदी करामतींमुळे. कृष्णवर्णीय माणूस जिंकला तर गावकऱ्यांचा पारा चढे, पण त्याने हसविले तर तेच लोक टाळ्या पिटत. त्या खेळाडूंस आम्ही दोष देत नाही; हास्याच्या आडून त्यांनी अप्रतिम कौशल्य जिवंत ठेवले. परंतु ज्या समाजात गुणी माणसास आपले गुण विदूषकाच्या अंगरख्यात गुंडाळून आणावे लागतात, त्या समाजाविषयी ते हास्य बरेच काही सांगून जाते.

आता ज्या पुरुषाच्या चरित्रात या लेखाचा सारा आशय एकवटला आहे त्याच्याकडे वळू. जॉन मॅक्लेंडन १९३३ साली कॅन्सस विद्यापीठात शिकावयास आले. योगायोग असा की, बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ त्या वेळी तेथेच अध्यापक होते. विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेश नव्हता. पण वृद्ध नेस्मिथ यांनी या विद्यार्थ्यास आपला म्हटले व खेळाचे मर्म शिकविले. म्हणजे खुद्द जनकापासून ज्याने विद्या घेतली, त्यासच त्या विद्येच्या अंगणात पाऊल टाकण्याची बंदी! मॅक्लेंडन पुढे नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात क्रीडाशिक्षक झाले. चेंडू हाती येताच क्षणाचाही विलंब न लावता साऱ्या मैदानभर मुसंडी मारावयाची आणि प्रतिपक्षास श्वास घेऊ द्यावयाचा नाही, हे त्यांचे तंत्र. पाहणारास तो केवळ धावण्याचा कल्लोळ वाटे. पण त्यामागे कोणी कोणत्या रेषेने धावावे, दम किती टिकवावा, याचा पक्का हिशेब असे. ज्यास लोक 'रानटी वेग' म्हणत तो वस्तुतः वर्गात बसून शिकविलेला पाठ होता.

१९४४ सालच्या मार्च महिन्याची १२ तारीख, रविवारची सकाळ. सारे डरहॅम प्रार्थनामंदिरात गेलेले. त्या वेळी ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील गौरवर्णीय विद्यार्थ्यांचा एक बलवान संघ आडवळणाने, ओळख पटू नये अशा बेताने, मॅक्लेंडन यांच्या व्यायामशाळेत आला. दारे आतून बंद करण्यात आली. बाहेर पोलिसांस पत्ता नाही, वृत्तपत्रांस बातमी नाही. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणे ही त्या प्रांतात केवढी जोखीम होती हे समजण्यास एवढे पुरे की, त्याच वर्षाच्या जुलैत त्याच शहरी बसमधील जागेच्या तंट्यावरून एका कृष्णवर्णीय सैनिकास गोऱ्या बसचालकाने गोळी घालून ठार केले आणि न्यायालयाने चालकास निर्दोष सोडले. सामना सुरू झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे हात कापत होते. मग हळूहळू भय गेले आणि खेळ राहिला. मॅक्लेंडन यांच्या संघाने ८८ विरुद्ध ४४ असा विजय मिळविला. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. थोडी विश्रांती घेऊन त्या तरुणांनी आपले संघ मोडले, काळे-गोरे मिसळून दोन नवे संघ केले आणि पुन्हा खेळले. कायद्यास जे साधावयाचे नव्हते ते कुलूपबंद दालनात एका चेंडूने तासाभरात साधले. ही हकीकत जगास कळली ती बावन्न वर्षांनी, १९९६ साली, इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांच्या लेखामुळे.

१९५० साली एन्. बी. ए.ची दारे उघडली. चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू त्या वर्षी आत आले. त्यांपैकी लॉइड हे ३१ ऑक्टोबर १९५० रोजी प्रत्यक्ष सामन्यात सर्वप्रथम उतरले. परंतु दार उघडणे निराळे आणि घरात मान मिळणे निराळे. याचा पुरता अनुभव घेतला तो बिल रसेल यांनी. लुईझियानात १९३४ साली जन्मलेले रसेल १९५६ पासून १९६९ पर्यंत बोस्टनच्या सेल्टिक्स संघात खेळले. त्या १३ मोसमांत संघाने ११ वेळा अजिंक्यपद मिळविले. १९६६ साली ते त्याच संघाचे शिक्षकही झाले, एन्. बी. ए.मध्ये तो अधिकार मिळणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

रसेल यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी गुण मिळविण्यापेक्षा गुण हिरावून घेण्याची कला निर्माण केली. बचाव करणाराने जमीन सोडू नये, असा तत्कालीन गुरूंचा पाठ होता. रसेल यांनी उडी घेऊन प्रतिपक्षाची फेक हवेतच अडविण्यास सुरुवात केली. आणि तीही चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळविण्यासाठी नव्हे, तर तो अलगद आपल्याच सोबत्याच्या हाती पडावा अशा हिशेबाने. महाविद्यालयात असताना आपले मित्र के. सी. जोन्स यांच्याबरोबर ते चेंडूच्या मार्गाचे कोन आणि प्रतिपक्षाच्या सवयी यांवर तासन्‌तास चर्चा करीत. त्याच वेळी त्यांचा आवेश इतका तीव्र असे की, महत्त्वाच्या सामन्यापूर्वी त्यांना वांती होई. बुद्धी आणि आवेश यांचे वैर आहे असे समजणारांनी या एका माणसाचे चरित्र पाहावे. १९६१ साली केंटकीतील लेक्सिंग्टन येथे उपाहारगृहात कृष्णवर्णीय सोबत्यांस खाणे नाकारले गेले, तेव्हा रसेल आणि त्यांचे सोबती सामना न खेळता माघारी फिरले. बोस्टननजीकच्या रेडिंग गावी त्यांच्या घरात शिरून दुष्टांनी भिंतींवर शिव्या लिहिल्या आणि बिछाने घाण करून टाकले. ज्या शहरास त्यांनी अकरा विजय दिले त्याच्या शेजारचे हे गाव होते.

रक्ताच्या सिद्धान्ताचे सर्वांत स्पष्ट खंडन झाले ते १९ मार्च १९६६ रोजी, महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. एका बाजूस एडॉल्फ रप यांचा केंटकी विद्यापीठाचा सर्वस्वी गौरवर्णीय संघ. दुसऱ्या बाजूस टेक्सासच्या सरहद्दीवरील एल पासो येथील टेक्सस वेस्टर्न हे फारसे प्रसिद्ध नसलेले महाविद्यालय. त्याचे शिक्षक डॉन हॅस्किन्स हे गौरवर्णीय होते. त्यांनी आरंभीचे पाचही गडी कृष्णवर्णीय निवडले, आणि त्या सामन्यात त्यांच्या बाजूने खेळलेले सातही जण कृष्णवर्णीय होते. निकाल लागला ७२ विरुद्ध ६५, टेक्सस वेस्टर्नच्या बाजूने. या सामन्याचे स्मरण वर्णविषयक विजय म्हणून केले जाते ते योग्यच. पण त्यातील मार्मिक गोष्ट निराळी आहे. प्रचलित समजुतीप्रमाणे धावपळीचा मोकाट खेळ काळ्यांनी करावयाचा आणि संयमाचा, शिस्तीचा खेळ गोऱ्यांनी. त्या रात्री नेमके उलट होते. वेगाने खेळणारा म्हणून केंटकीचा लौकिक. आणि चेंडू जपून, बचाव घट्ट ठेवून, संधीची वाट पाहणारा संघ होता टेक्सस वेस्टर्नचा. त्यांच्या बॉबी जो हिल या चिमुकल्या खेळाडूने प्रतिपक्षाच्या हातून लागोपाठ दोनदा चेंडू काढून घेतला, ते हातचलाखीने नव्हे, निरीक्षणाने. सिद्धान्त आणि वस्तुस्थिती यांची गाठ पडली की बहुधा वस्तुस्थितीच विसरली जाते. तसेच येथेही झाले.

पुढल्याच वर्षी, १९६७ साली, महाविद्यालयीन क्रीडामंडळाने एक नवा नियम केला. उंच उडी घेऊन चेंडू वरून थेट कड्यात कोंबण्याच्या क्रियेस तिकडे 'डंक' म्हणतात. तीस बंदी करण्यात आली. दुखापती होतात, कडी मोडतात, आणि या क्रियेस प्रतिकार करता येत नाही, अशी कारणे देण्यात आली. परंतु त्याच मोसमात लू अल्सिंडर या सात फुटांहून उंच कृष्णवर्णीय तरुणाने सारी महाविद्यालये हतबल करून सोडली होती, आणि बंदीमागे वर्णाचा वास येतो असे त्यास वाटले. न्यायबुद्धीने येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे की, मायकन यांच्यासारख्या गौरवर्णीय उंच खेळाडूंमुळेही पूर्वी नियम बदलले गेले होते. तेव्हा प्रत्येक बदलाचे मूळ वर्णद्वेषात शोधणे बरोबर होणार नाही. मात्र डंकच्या बंदीत कौशल्याच्या मर्यादेबरोबरच रुचीचाही न्यायनिवाडा होता. हा प्रकार अशिष्ट आहे, असे तिच्या समर्थकांपैकी कित्येकांस वाटत होते. परिणाम मात्र विपरीत झाला. अल्सिंडर यांनी लहानपणापासून घोटलेली एका हाताची उंच कमानदार फेक त्या बंदीच्या काळात पूर्णत्वास नेली. पुढे करीम अब्दुल जब्बार या नावाने ते एन्. बी. ए.मध्ये ३८,३८७ गुण मिळवून गेले, व हा उच्चांक २०२३ सालापर्यंत कोणास मोडता आला नाही. त्यांचे मुख्य शस्त्र तीच फेक होती. ज्यास दार बंद केले त्याने खिडकी शोधली, आणि ती खिडकी दारापेक्षा मोठी निघाली.

येथे आत्माविष्काराचा प्रश्न उपस्थित होतो. चेंडू कड्यात हलकेच सोडला काय किंवा आकाशातून झेप घेऊन कोंबला काय, गुण दोनच मिळतात. मग ती झेप कशासाठी? नियमास जेवढे हवे त्याहून जे अधिक खेळाडू देतो, त्या अधिकात त्याचे व्यक्तित्व असते. हार्लेममधील रकर उद्यानात उन्हाळ्यात जे सामने होत, तेथील प्रेक्षक गुणांपेक्षा या अधिकाचेच पारखी होते. कलगीवाल्याने सवाल टाकावा आणि तुऱ्यावाल्याने त्याहून सरस जबाब द्यावा, तसा तेथे एका झेपेस दुसऱ्या झेपेने जबाब मिळे. हा दिमाख प्रतिस्पर्ध्यावाचून संभवत नाही, आणि म्हणूनच तो केवळ आत्मस्तुती नव्हे. समोरचा तोलामोलाचा आहे याची त्यात कबुली असते. ज्यूलियस अर्व्हिंग यांनी ही रीत त्या उद्यानातून धंदेवाईक मैदानावर आणली. १९७६ साली डेन्व्हर येथे डंकची जी स्पर्धा झाली तीत कड्यापासून १५ फुटांवरील रेषेवरून झेप घेऊन त्यांनी चेंडू कड्यात घातला; आणि त्याच वर्षी महाविद्यालयीन बंदीही उठली. जे काल अशिष्ट होते ते आज खेळाचे भूषण ठरले.

परंतु भूषण ठरल्याने जुना हिशेब मिटला असे नाही. १९८७ साली सेल्टिक्सकडून पराभूत झाल्यावर डेट्रॉइट संघाचे आयझिया थॉमस असे बोलून गेले की, लॅरी बर्ड कृष्णवर्णीय असते तर त्यांची गणना चारचौघांतच झाली असती. बर्ड हे गौरवर्णीय, आणि निःसंशय थोर खेळाडू. तेव्हा या उद्गारांवर गहजब झाला. पुढे थॉमस यांनी जो खुलासा केला तो मात्र विचार करण्यासारखा होता. त्यांचे म्हणणे असे की, गोऱ्या खेळाडूने पराक्रम केला की लोक त्याच्या बुद्धीची व मेहनतीची वाखाणणी करतात. कृष्णवर्णीयाने तोच पराक्रम केला की त्यास निसर्गाची देणगी म्हणतात, जणू आईच्या उदरातूनच तो चेंडू उडवीत आला. हरल्याच्या त्राग्यात बोललेले वाक्य चुकीचे असेल. पण त्यामागील तक्रार खरी होती. स्तुतीतही अपमान लपलेला असू शकतो, आणि तो निंदेपेक्षा ओळखण्यास कठीण असतो. ज्याचे यश निसर्गाचे, त्याचे श्रम दिसत नाहीत. ज्याचे श्रम दिसत नाहीत, त्यास मार्गदर्शक, व्यवस्थापक वा मालक करावे असे कोणास सुचत नाही.

कोणी म्हणेल, आज या खेळातील अग्रगण्य खेळाडू बहुसंख्येने कृष्णवर्णीय आहेत. तेव्हा तक्रारीस जागा कोठे? उत्तर असे की, एका क्षेत्रात गर्दी होण्याचे कारण पुष्कळदा इतर क्षेत्रांच्या वेशी बंद असणे हेच असते. ज्या मुलास वैद्य, वकील, अध्यापक झालेला आपला माणूस दिसत नाही आणि मैदानावर मात्र दिसतो, तो मैदानाकडेच धावणार. आवेशाचे कौतुक करणाऱ्या समाजाने त्या मुलास त्या एकाच अंगणात कोंडून ठेवले, तर ते कौतुकही कुंपणच होय. हे खेळाडू स्वतः जाणून आहेत. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे पोलिसांनी एका कृष्णवर्णीय माणसाच्या पाठीत गोळ्या झाडल्या, तेव्हा त्याच संस्थानातील मिलवॉकीचा संघ ऐन स्पर्धेत मैदानावर उतरलाच नाही. खेळणे ही ज्यांची भाषा, त्यांचे न खेळणेही तितक्याच स्पष्टपणे ऐकू गेले.

स्प्रिंगफील्ड येथे, जेथे नेस्मिथ यांनी टोपल्या टांगल्या, तेथेच आज या खेळातील थोरांचे स्मृतिमंदिर आहे. १९७५ साली रसेल यांस तेथे मान देण्यात आला; खेळाडू म्हणून तो मिळणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते. त्यांनी तो स्वीकारला नाही. आपल्या आधीच्यांस तो मिळावयास हवा होता, अशी त्यांची भावना होती. १९५० साली प्रथम दार ओलांडणाऱ्यांपैकी चक कूपर यांचे नाव २०१९ साली तेथे लागले, तेव्हा कोठे रसेल यांनी आपल्या मानाची अंगठी घरच्या चार मित्रांच्या साक्षीने बोटात घातली. चव्वेचाळीस वर्षे त्यांनी वाट पाहिली. वस्तरा चालविणारे आयझॅक्स २००९ साली वारले. त्यांचे नाव स्मृतिमंदिरात लागले ते २०१५ साली. हयातभर ज्यांस आपली योग्यता वर्णाच्या विशेषणावाचून मान्य व्हावी एवढेच हवे होते, त्यांचा हा इतिहास आहे. त्या जाकिटावरून एक शब्द उसवण्यास क्षणभर लागला. लोकांच्या मनावरून तो अद्याप पुरता उसवला गेलेला नाही.